बानूबाईनं सोंग केलं नव्हतं

यात्रेतला पिच्चर होऊन अकरा दिवस झाले होते, तरी बानूबाईच्या हातांचा विचार आशाच्या मनातून जात नव्हता. भाकरी थापताना, शिकवणीच्या पोरांच्या वह्या तपासताना, दळण निवडताना मध्येच ते हात डोळ्यांपुढे यायचे. रुंद, सावळे, लोकर हाताळून हाताळून मऊ पडलेले, डाव्या अंगठ्यावर कातरीचा जुना व्रण. ते हात आता रिकामे बसून काय करत असतील, असं मनात आलं की तिचं हातातलं काम थांबायचं.

ओढ्याकाठच्या गोजरबाईच्या घरी नातू जन्मून सहा दिवस झाले होते आणि त्याला न्हाऊ घालायला बानूबाईला कुणी बोलावलं नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय. पण महाळुंगे पडवळच्या शिवारातल्या या वस्तीवर गेल्या तीस-बत्तीस वर्षांत जन्मलेलं एकही मूल बानूबाईच्या पायांवर पडल्यावाचून राहिलं नव्हतं. दवाखान्यातून बाळंतीण घरी आली की कुणीतरी ओढ्यापलीकडं बानूबाईच्या घरी जायचं आणि नुसतं म्हणायचं, "आलेत घरी." तेवढं पुरे असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बानूबाई हजर. न्हाणीत बसून दोन्ही पाय लांब पसरणार, लुगडं गुडघ्यापर्यंत घेणार, पाण्यात कोपर बुडवून "अजून येक तांब्या गार घाला" म्हणणार, आणि मग बाळाला नडग्यांवर पालथं घेणार. तेल, डाळीचं पीठ, हळद. नाक चिमटीत धरून हलकेच वर ओढायचं, टाळू तेलानं भरायची, शेवटी ओव्याची धुरी. असं सव्वा महिना रोज. शेवटच्या दिवशी लुगडं-चोळी मिळाली की ती कपाळाला लावून उठायची. काही ठरवून घेणं तिला कधी जमलं नाही.

आशाची हर्षालीही त्याच नडग्यांवर वाढली. सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आशा तेव्हा बी.ए. होऊन, शाळामास्तराशी लग्न करून या मळ्यात आलेली, पुस्तकं वाचून वाचून घाबरलेली. बाळाच्या कानात पाणी जाईल, टाळू दबेल, हात निखळेल. ती न्हाणीच्या दारात उभी राहून सारखी "जपून हं, जपून" म्हणायची. चौथ्या दिवशी बानूबाई मान वर न करता म्हणाली, "बाई, तुमी जरा भायेर जाऊन बसा. पोरगी पाण्याला भिऊन रडत न्हाई, तुमच्या तोंडाकडं बघून रडती."

आशा बाहेर जाऊन बसली. पोर खरंच रडायची थांबली.

बानूबाईला हे सगळं कुणी बसवून शिकवलं नव्हतं. चौदाव्या वर्षी ती बहिरूची बायको होऊन सासरी आली, पण सासर म्हणजे घर नव्हतं, वाट होती. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं असा सगळा संसार माळशेज घाटानं कोकणात उतरायचा आणि पावसाच्या आत वर यायचा. वाटेत कुणी बाई अडली तर सासू तिला सोडवायची आणि बानूबाई तीन दगडांवर पाणी तापवायची. पुढं सासूची नजर गेली. मग सासू नुसती बसून सांगायची आणि हात बानूबाईचे चालायचे. तिची स्वतःची तीन बाळंतपणं अशी वाटेवरच झाली. जगला एकच, जानकू. बाकीच्या दोघांबद्दल ती बोलत नसे. एकदाच, हर्षालीच्या पाठीला तेल चोळता चोळता म्हणाली होती, "माझ्या थोरलीची पाठ अशीच व्हती, लांबट." आणि लगेच, "पाणी वता."

पुढं या वस्तीवर घर झालं, तेव्हापासून ती घरी राहायची आणि मेंढरांमागं बहिरू जायचा. तो वारून आठ वर्षं झाली. जानकूनं पिकअप घेतली. तो नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोचवतो. मेंढरं विकून टाक म्हणून तो आईच्या मागं लागला, तेव्हा तिनं दोनशेतली साठ ठेवली आणि पुढं त्या विषयावर बोलणं बंद केलं. हिवाळ्यात ती मेंढरं घेऊन खोडदला भाच्याकडं जायची, आणि वस्तीवर कुणी बाळंतीण घरी आली की मेंढरं त्याच्यावर सोडून परत यायची. कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवली की जमिनीला खत मिळतं, म्हणून तिकडचे शेतकरी बोलावून घेतात.

हर्षालीनं तिला खोडदलाच गाठलं.

हर्षाली पुण्यात सिनेमाचं शिकली होती आणि तीन वर्षं एकाच सिनेमाच्या मागं होती. तो कशावर आहे ते आशाला कधी नीट कळलं नाही. "एक बाई आहे, मेंढरं आहेत आणि मागं त्या तबकड्या आहेत," एवढंच ती सांगायची. खोडदच्या रानात रेडिओ-दुर्बिणीच्या जाळीदार तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या असतात, एकेक दोन-तीन घरं बसतील एवढी. तिथल्या माणसांना त्यांचं काही वाटत नाही. त्यांच्या सावलीत लोक कांदा निवडतात. हर्षालीला मात्र त्यांच्याखालून मेंढरं जाताना दिसली आणि तिची झोप उडाली.

नऊ दिवस शूटिंग चाललं. बानूबाईला गोष्ट सांगितलेली नव्हती. "गोष्ट सांगितली की माणूस सोंग करायला लागतं," हर्षाली म्हणायची. "मला मावशी जशी आहे तशी हवीय." बानूबाई म्हणाली, "बरं झालं. सोंग मला येतच न्हाई." मेंढरं हाक, चूल पेटव, चाल, बस, तिकडं बघ. ते झालं की कॅमेरा बंद आणि चहा.

आणि हेच मग ती वर्षभर सगळ्यांना सांगत राहिली. दुकानात, गिरणीवर, देवळाच्या पायरीवर. "म्या काय सोंग केलं न्हाई बरं का. जे रोज करती त्येच केलं. पोरीनं नुसतं टिपलं." सांगताना तिची मान ताठ व्हायची.

यंदा चैत्रात यात्रा आली. दुसऱ्या रात्रीचा तमाशा दरवर्षीसारखाच ठरला होता. पहिल्या रात्री यात्रा कमिटीनं गावच्या लेकीचा पिच्चर ठेवला. देवळापुढच्या पटांगणात मोठा पडदा, पुण्याहून आलेलं मशीन, मागं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या लावून त्यांवर माणसं. बानूबाईसाठी पुढं खुर्ची मांडली होती. ती खुर्चीशेजारी सतरंजीवर बसली. हर्षाली सगळ्यांत मागं उभी होती, आणि आशा मध्येच कुठंतरी, कधी लेकीकडं तर कधी पडद्याकडं बघत.

पहिली दहा मिनिटं पडद्यावर कुणी बोललं नाही आणि पटांगणातही नाही. धुक्यातून मेंढरं येत होती. एकेकीच्या पाठीवरचं दव मोजता येईल इतकी स्वच्छ. मग धुकं विरलं आणि मागच्या तबकड्या दिसल्या, आणि बघता बघता त्या सगळ्यांनी एकदम, अगदी सावकाश, एकाच दिशेला मान वळवली. पटांगणातून नुसता श्वास घेतल्याचा आवाज आला.

"आयला, हे आपलं खोडद हाय का?" गेणभाऊ म्हणाले. पन्नास वर्षं एकही तमाशा न चुकवलेला माणूस.

"न्हाई, अमेरिका हाय," ट्रॉलीवरून कुणीतरी म्हणालं.

"आवाज गेलाय का वो? मशीन बघा जरा."

"आवाज हाय, भाऊ. बोलंनाच कुणी."

"मग हितवर कशाला आलो? आमची म्हातारी घरी बी बोलत न्हाई."

हसणं झालं. मग हळूहळू तेही थांबलं. पडद्यावर तासभर ऊन सरकत होतं, चूल पेटत होती, बानूबाई चालत होती. काहीजण उठून पाळण्यांकडं गेले. जे बसले ते हलले नाहीत. आणि मग एकदम, पाखराला वरून दिसावा तसा, काळा रस्ता आला. त्यावर कलंडलेली पिकअप, आधी तिच्या चुलीजवळून निघून गेलेली तीच, आणि रस्ताभर लाल टोमॅटो, फुटलेले, चिरडलेले. माणूस कुठं दिसला नाही. त्यानंतर लांबून एक माणूस रानातून धावत येतो, बानूबाईशी काही बोलतो. शब्द ऐकू येत नाहीत. आणि मग पडदाभर बानूबाईचा चेहरा.

ती खाली कशाकडं तरी बघते आहे. ओठ मिटलेले. बराच वेळ काहीच होत नाही. मग ओठ सैल पडतात, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या जमतात आणि ती हसते. अगदी थोडं. कॅमेरा खाली येतो: तिच्या हाताखाली एक कोकरू काळ्या मेंढीला लुचतं आहे. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवते, उठते, मेंढरांना हाक देते आणि चालू लागते. मागं तबकड्या पुन्हा वळतात. संपलं.

टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. हर्षालीच्या पुण्याच्या मित्रमंडळींनी सुरुवात केली, मग काही गावातल्यांनी. एक म्हातारी पदरात तोंड घालून हुंदके देत होती. ट्रॉलीवरच्या एकानं तिथूनच पोराला फोन लावला, "कुठं हायस? गाडी हळू चालव. न्हाई, काय न्हाई झालं, सहजच."

आणि बाकीच्यांचं सुरू झालं.

"ही कसली आई? पोरगं मेलं आन् ही कोकरू पाजती."

"आरं, रडून रडून सुकलीय ती. तुला काय कळतंय."

"सुकली? हसली ती. सगळ्या गावानं बघितली हसताना."

"आतल्या आत जळाली म्हनून हसली."

"तू जळालास का कधी असा? तुझी मोटार चोरीला गेली तवा गावभर बोंबलत व्हतास."

दोन सख्खे भाऊ त्या रात्री या वादावरून वेगवेगळ्या वाटांनी घरी गेले.

आशाला त्याच क्षणी बोलता आलं असतं. कारण तो चेहरा कशाकडं बघून हसला होता ते तिला ठाऊक होतं. ती त्या दिवशी खोडदला होती, सगळ्यांचं जेवण घेऊन. काळ्या मेंढीचं कोकरू मेलं होतं आणि दुसऱ्या एका मेंढीचं पोरकं झालं होतं. बानूबाई दोन दिवस काळीचं दूध काढून त्या पोरक्या कोकराच्या अंगाला चोळत होती, म्हणजे काळीला त्याच्या अंगाला स्वतःचाच वास यावा. काळी लाथा झाडत होती. त्या दुपारी तिनं पहिल्यांदा त्याला जवळ घेतलं, आणि बानूबाई हसली. आणि तो धावत आलेला माणूस म्हणजे तिचा भाचा. तो सांगायला आला होता, "आत्ती, डबं आल्यात, चला." डबे आशानंच नेले होते. मटकीची उसळ होती.

पण त्या रात्री मागून एक पुण्याचा मुलगा हळू आवाजात म्हणाला, "काकू, हा चेहरा मी जन्मात विसरणार नाही," आणि आशाला लेकीचा एवढा अभिमान वाटला की ती गप्प बसली. हे ती आता कुणाला सांगू शकत नव्हती.

बानूबाई सतरंजीवरून उठली, लुगडं झटकलं आणि आशाला म्हणाली, "काळी लई झ्याक दिसली." दोन पावलं गेली, परत वळली. "बाई, त्यात माझं पोरगं मेलं व्हय?"

"हो, मावशी."

"मला कुणी बोललंच न्हाई."

वस्तीवरची माणसं काही भोळी नव्हती. वगातला राजा सकाळी टपरीवर चहा पिताना दिसतो तेव्हा त्याला कुणी मुजरा करत नाही. सोंग काय आणि माणूस काय, हे इथल्या पोरालाही कळतं. पण राजाला मुकुट असतो, रंग असतो. बानूबाई पडद्यावर स्वतःच्या लुगड्यात होती, स्वतःच्या मेंढरांत होती, पोरगा पिकअपवाला होता. आणि सोंग केलं नाही असं तीच वर्षभर सांगत होती. जानकूनं पहिले दोन दिवस बाजारात याचा विनोद केला, "म्या मेलो आन् आई हसली, बोला." तिसऱ्या दिवसापासून त्यानं तो सांगायचा बंद केला. बाईच्या हाताला गुण असतो असं मानणाऱ्या लोकांना त्या हातामागचं मनही हवं असतं. वाईट कुणीच बोललं नाही. नुसतं बोलावणं थांबलं.

गोजरबाईची सून अक्षदा मंचरच्या दवाखान्यातून घरी आली, तेव्हा ओढ्यापलीकडं कुणी गेलं नाही. पाचवीच्या दिवशी आशा बाळाला बघायला गेली. पाट्यावर सटवाईची पूजा मांडलेली, कोरा कागद आणि पेन ठेवलेलं. न्हाणीत मंचरहून बोलावलेली एक अनोळखी बाई बादली घासत होती.

"बानूमावशी नाही आली?" आशानं विचारलं. विचारायची गरज नव्हती.

गोजरबाईनं तिला स्वयंपाकघरात नेलं. "वैनी, राग नका मानू. तुमच्या पोरीचा पिच्चर लई मोठा हाय, पेपरात बी आलं. पर आमच्या अक्षदानं बघितला तो, नववा महिना चालू असताना. त्या रातीपासून मला म्हनती, त्या बाईचा हात माझ्या पोराला नको."

"अहो, ते खरं नव्हतं. सिनेमा होता तो."

"मग सोंग केलं का तिनं?"

"सोंग... सोंग नाही केलं, पण—"

"तीच तर म्हनायची सोंग न्हाई म्हनून. आता तुमी बी त्येच म्हनता." गोजरबाईनं आवाज खाली घेतला. "माझ्या ह्या पोराला तिनंच न्हाऊ घातलं, वैनी. मला का कळत न्हाई? पर सून ऐकंना. पहिलटकरीन हाय, तिच्या मनात भरलं ते भरलं. तिची आई बी तिच्याच बाजूनं."

तेव्हाही आशानं डब्यांची गोष्ट सांगितली नाही. सांगायची तर पुढचं सगळं आलं असतं: हर्षालीनं एका दुपारचं हसू उचलून भलत्याच जागी लावलं, म्हातारीला न सांगता. लोक म्हणाले असते, मास्तरांच्या पोरीनं धनगराच्या बाईला फसवलं. आणि हर्षालीची आधीच काय अवस्था होती. पुण्यातल्या एका खेळाला एक बाई उभी राहून तिला म्हणाली होती, "तुम्हाला आई आहे का हो?" दुसऱ्या कुणी लिहिलं, असा सिनेमा दहा वर्षांत झाला नाही. हर्षालीला दुसरं आठवत नव्हतं, पहिलंच आठवत होतं. वजन उतरलं होतं. पहाटे चार वाजता तिचे मेसेज यायचे: आई जागी आहेस? आशा नेहमी जागीच असायची.

चार दिवसांपूर्वी आशानं फोनवर विषय काढून बघितला होता. "लोकांना जरा सांगायला हवं का गं, तो सीन कसा घेतला ते?" हर्षाली थकलेल्या आवाजात म्हणाली, "आई, सिनेमा समजावून सांगितला की तो मरतो." आशानं विषय सोडला. लेकीचा आवाज ऐकून तिला दुसऱ्याच भीतीनं घेरलं.

शनिवारी सकाळी शिकवणीची पोरं गेल्यावर ती ओढा ओलांडून गेली.

बानूबाई जाळीच्या कुंपणाला टेकून बसली होती. मेंढरं आत, चाऱ्यावर. हात मांडीवर नुसते ठेवलेले, उलटे.

"या बाई. बसा. खाली घान हाय, पोतं घ्या." मग गोजरबाईच्या घराकडं मान करून, "गोजरीच्या घरात पोर झालं म्हनं. रडताना ऐकू येतंय, हितनं. पानी लई कडक घेती ती बाई. पोर असं रडतं म्हंजी पानी कडक."

आशानं पोतं अंथरलं आणि बसली.

"म्या तेल काढून ठिवलं व्हतं, बदामाचं. असू द्या." तिनं हात पदराला पुसले, ते ओले नव्हते तरी. "बाई, मला येक सांगा. म्या काय केलं त्यात? त्या पिच्चरमदी. समदी माझ्या तोंडाकडं बघत्यात आन् गप व्हत्यात. जानकू बी. म्या केलं तरी काय?"

तेव्हा आशानं सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालातरी. की रस्ता वेगळ्या महिन्यात घेतला, टोमॅटो विकत आणून टाकले, धावत आलेला भाचा डब्यांसाठी आला होता, आणि हसू काळीमुळं होतं. हे तुकडे पुण्यात बसून एकापुढं एक लावले, म्हणून तसं दिसलं.

बानूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजी आमी कोकराला चोळतो तसंच की. वास लावला दुसऱ्याचा. मेंढीला वाटलं, आपलंच."

"हो," आशा म्हणाली. तिला त्याहून नेमकं सांगता आलं नसतं.

"हुशार हाय पोरगी." बानूबाईच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि त्यामुळंच आशाला खाली बघावं लागलं. "पर आमी मेंढीला फसवतो ते कोकरू जगावं म्हनून. हितं कोन जगलं?"

आत एक मेंढी खोकली. बानूबाईनं मान वळवून बघितलं, परत समोर.

"उद्या वारूळवाडीला हाय म्हनं पिच्चर. जानकूची श्रेया तिथं दिलीय, तुमाला ठावं हाय. तिचे सासू-सासरे जानार हायेत बघायला, पाव्हन्यांच्या घरातलं मानूस पडद्यावर म्हनून. सोमवारी जानकू तिला आनायला जानार, पहिलं बाळंतपन माहेरी." तिनं पदर डोक्यावर घेतला. "उद्या बघितल्यावर ती मानसं पोरीला धाडतील का हिकडं? आन् धाडली तरी म्हनतील, म्हातारीच्या हातात देऊ नका. माझं पनतवंड हाय, बाई. समद्या गावाची न्हाऊ घातली म्या."

"मी बोलते हर्षालीशी."

"पोरीला बोल लावू नगा. आधीच काडी झालीय ती. यात्रेत बघितली न्हाई का म्या? तिला खाऊ-पिऊ घाला आधी." आणि उठता उठता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या वाटलं तर. व्हईल ते व्हईल."

आशा घरी आली. भगवंत, तिचा नवरा, ओट्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. शाळेतून निवृत्त झाल्यापासून तो सगळं सावकाश करायचा. तिनं त्याला सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकून घेतलं, नळीची गाठ सोडवली.

"उद्याचं होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "वारूळवाडीचा खेळ झाला की पोरगी चार दिवस इकडं येतेय. निवांत बोल. आत्ता सांगितलंस तर ती उद्या उभीसुद्धा राहू शकणार नाही. तिचा स्वभाव तुला माहिती आहे."

"उद्या झाल्यावर बोलून काय उपयोग?"

"मग मी जानकूला सांगतो. तो त्याच्या व्याह्यांना सांगेल."

"जानकूचं कोण ऐकेल, अहो? आईची बाजू घेतोय म्हणतील. जिनं केलं तिनंच सांगायला हवं. सगळ्यांसमोर, पिच्चरच्या आधी."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

आशानं चपला काढल्या. ती आत गेली, पाण्याचा तांब्या भरला आणि न पिताच ठेवला. हर्षाली नाही म्हणू शकत होती. रडू शकत होती. ती हो म्हणाली आणि माइक हातात घेऊन चारशे माणसांपुढं उभी राहिली, तर कुणीतरी उठून तिलाही विचारणार होतं की म्हातारीला फसवताना तुला काही वाटलं नाही का. मग तिचे पहाटेचे मेसेज बंद झाले तर? आशाला मेसेज येण्याची जेवढी भीती वाटायची, त्याहून ते न येण्याची वाटायची. ती पलंगावर बसली, उठली, खिडकीचा पडदा सरळ केला. गोजरबाईच्या घरातलं रडणं ऐकू येतं की नाही ते बघायला तिनं कान दिला. इथून नाही यायचं. बानूबाईच्या घरी मात्र येत होतं.

सत्तावीस वर्षं ती एकच काम करत आली होती, दारात उभी राहून "जपून" म्हणायचं. लेक आता बाळ नव्हती. लेकीनं काहीतरी खरंच मोठं केलं होतं, आणि त्यात एक चूक केली होती. दोन्ही तिच्याच हातची. चूक झाकून ठेवून आई तिला वाचवत नव्हती. ती फक्त त्या चुकीचा भार एका म्हातारीच्या डोक्यावर ठेवून पुढं निघाली होती, आणि तेही तीच म्हातारी "पोरीला बोल लावू नगा" म्हणत असताना.

घरात रेंज धड येत नाही म्हणून ती गोठ्यामागच्या जांभळाखाली गेली. भगवंतनं ओट्यावरून बघितलं, पण हाक मारली नाही. दुपारचे दोन वाजले होते. उद्या सात वाजता खेळ होता.

फोनवर ती नेहमी आधी "जेवलीस का" विचारायची. आज तसं विचारलं तर हर्षाली "नाही" म्हणेल, मग आपण पुढं एक अक्षर बोलू शकणार नाही, हे तिला ठाऊक होतं. तेव्हा ते विचारायचं नाही. सरळ सांगायचं, की उद्या पडदा लावायच्या आधी बानूमावशीला शेजारी उभं कर आणि लोकांना सांग तू काय केलंस ते. आणि जमणार नसेल तर उद्याचा खेळ करू नकोस. मग ती रडली तर रडू द्यायचं, फोन ठेवायचा नाही. लागलंच तर पाचच्या एसटीनं पुण्याला जायचं, रात्रभर तिच्याजवळ बसायचं आणि सकाळी तिच्याबरोबरच वारूळवाडीला यायचं.

तिनं लेकीचं नाव दाबलं आणि फोन कानाला लावला.